शेवंतीमार्फत

नरडाण्यात मंदाबाईशी भांडण न झालेला माणूस शोधायचा, तर पाळण्यातल्या पोरांपासून सुरुवात करावी लागेल. एसटीचे कंडक्टर, रेल्वे फाटकावरचा माणूस, औद्योगिक वसाहतीतले झाडून सगळे वॉचमन, विहाराच्या कमिटीतले दोन्ही गट, या सगळ्यांचा तिनं कधी ना कधी उद्धार केलेला आहे. तिच्या नाकावर राग असतो असं म्हणणं म्हणजे तिच्या रागाचा अपमान. एवढा राग नाकावर मावत नाही. तरी सकाळची पाळी सुरू झाली की तेच वॉचमन गेटबाहेर येऊन तिची वाट बघत उभे राहतात, कारण त्यांचं प्यायचं पाणी तीच आणते. निळ्या जारांतून, घोडागाडीवर.

घोडागाडी म्हटल्यावर हल्ली लोकांना लग्नातली बग्गी आठवते. मंदाबाईची गाडी तसली नटवी नाही. मूळचा तो तिच्या सासऱ्याचा टांगा, स्टेशनावर उतरलेली माणसं गावोगाव पोचवणारा. रिक्षा आल्या आणि टांग्यांचं दिवाळं वाजलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, रुपचंदनं, छत उतरवलं, मागचं बाक काढलं, सपाट फळ्या ठोकल्या आणि भटूच्या पाण्याच्या प्लांटवर जार वाहायचं काम धरलं. हसणारे हसले. पण घोडीला डिझेल लागत नाही हे भटूला पटलं आणि हसणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढं एका उन्हाळ्यात रुपचंदच्या छातीत कळ आली आणि धुळ्याला नेईपर्यंत सगळं आटोपलं.

मागं राहिली मंदाबाई, नर्सिंगला असलेली मुलगी संघमित्रा आणि शेवंती नावाची कुमेत, तांबूस अंगाची घोडी.

मंदाबाई सोनगीरची, किल्ल्याच्या पायथ्याशी वाढलेली. माहेरी दारात बकरीसुद्धा नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा दारातला घोडा फुरफुरला आणि ही नवरी माप ओलांडायचं सोडून उलटी पळाली, हे गावातल्या म्हाताऱ्या बायका अजून चवीनं सांगतात. पण रुपचंदच्या मागं हिनंच लगाम धरला. पहिल्या दिवशी गाडी नाल्यात घातली, दुसऱ्या दिवशी एका वॉचमनच्या खुर्चीवर. तिसऱ्या दिवसापासून लोक स्वतःहून बाजूला व्हायला लागले आणि मग ती शिकली.

ती शिकली, पण सासऱ्याच्या साजाशिवाय. हेच सगळ्या भांडणाचं मूळ.

साज म्हणजे घोडीच्या अंगावरचा सगळा सरंजाम. पाठीवरचं खोगीर, छातीवरचा पट्टा, पोटाखालून आवळायचा तंग, शेपटीखालची दुमची, लगाम. सासऱ्याचा साज चामड्याचा होता, पितळी फुल्यांचा. जयंतीच्या मिरवणुकीत तो घोड्यावर चढला की लोक रथाआधी घोड्याकडं बघत. रुपचंदच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा थोरला भाऊ चिंधा घरात आला, खुंटीवरचा साज उतरवला आणि खांद्यावर टाकला.

"बापना साज मोठाकडे राहस," तो म्हणाला. पाहुणे अजून बसलेले होते, त्यांच्याकडं बघून पुढं बोलला, "आनी बाईमाणूस घोडी जुपी का? मंग आम्ही काय बांगड्या भरूत?"

मंदाबाईनं तेव्हा मिठाची गुळणी धरली. दुसऱ्या दिवशी मात्र ती भंगारवाल्याकडं गेली. मोडक्या गाड्यांचे सीटबेल्ट, ट्रकच्या ताडपत्रीचे नायलॉनचे पट्टे आणि दोन कड्या घेऊन आली. खोगिराच्या जागी जुन्या गोधडीची जाड घडी शिवली. रात्रंदिवस दाभण चालवून बोटांची चाळण झाली, पण साज उभा राहिला. दिसायला भिकारडा होता. चिंधाच्या दारावरून गाडी नेताना तिनं मान अशी ताठ ठेवली की तिची तिलाच दुखली.

त्या दिवसापासून जेठाशी, म्हणजे चिंधाशी, अबोला. आता गंमत अशी, की भावजय जेठासमोर तशीही पदर सावरून गप्पच असते. त्यामुळं हा अबोला आहे हे चिंधाला कळायलाच एक पावसाळा गेला. तो आपला समजत होता, नवरा गेल्यापासून मंदा फार मर्यादेनं वागते. शेवटी कुणीतरी कानात सांगितलं की बाबा रे, ही मर्यादा नाही, ती तुझं तोंड बघत नाही. तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्यानंही बोलणं बंद केलं.

पण एका रस्त्यावर राहणाऱ्या माणसांना अगदीच न बोलून कसं भागेल? चिंधा दिवसभर ओट्यावर बसलेला, आणि गाडीचा रस्ता त्याच्या ओट्यावरून. मग दोघं शेवंतीमार्फत बोलायला लागली.

"काय वं शेवंती," चिंधा ओट्यावरून ओरडायचा, "तुनी धनीनले सांग, डावं चाक करकरी राहिनं. कान फुटनात आम्हना."

"सांग वं त्यास्ले," मंदाबाई घोडीच्या शेपटीकडं बघत म्हणायची, "कानमा कापूस घाला म्हना."

बिचारी शेवंती कान हलवायची. चहाच्या टपरीवरचे लोक हसून घ्यायचे. वर्षं अशी गेली. संघमित्रा धुळ्याच्या दवाखान्यात नोकरीला लागली, तिचा फोन आला की ती म्हणायची, "आई, सोड ना आता. चिंधाआबांइतकं साजातलं कुणाला कळतं?" त्यावर मंदाबाई जे काही बोलायची ते फोनवरच राहिलेलं बरं.

मग दसऱ्यानंतर घोडीची पाठ लागली.

आधी गोधडीच्या घडीखाली केस गेले. मग कातडी लाल झाली. मग एका सकाळी घडी उचलली तर पाठीच्या उंचवट्यावर तळहाताएवढी जखम, ओली, माशा बसलेली. मंदाबाईनं हळद भरली, गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं जांभळा फवारा मारला, साज बदला म्हणाला आणि गेला. घडी जाड केली, मऊ केली, तिच्यावर रुपचंदचं धोतर गुंडाळलं. जखम दोन दिवस सुकायची आणि तिसऱ्या दिवशी फुटायची. जखमेवर हात ठेवला की मंदाबाईच्या तोंडून चिंधाचं नाव निघायचं. चामड्याचा साज घरात असता तर ही वेळ आली असती का? साज त्यानं नेला, पाठ हिची गेली. सगळा हिशेब तिला इतका स्वच्छ दिसत होता की दुसरीकडं बघायची गरजच वाटली नाही.

भटू हा तसा पापभीरू माणूस, मंदाबाईला वचकून असणारा. पण त्याचाही धीर सुटला. गेटवरच्या कुणीतरी मोबाईलवर घोडीच्या पाठीचं शूटिंग केलं आणि ते गावभर फिरलं. जखम दिसत होती आणि जारांवरचं प्लांटचं नावही.

"अक्का," तो चार हात लांब उभा राहून म्हणाला, "लोके माले शिव्या देतस. सोमवारलोंग घोडी बरी नई दिखनी ते मी तीनचाकी लावसू. मंग माले बोल लावू नको."

मंदाबाईनं त्याला बोल लावला नाही, हेच त्याला जास्त भीतीचं वाटलं. ती मुकाट्यानं जार भरत राहिली. गाडी गेली तर दुसरं काम मिळेल, हात धड आहेत. पण काम नसलेल्या, पाठ लागलेल्या घोडीला कोण ठेवतं? बाजारात नेली तर तिला कोण आणि कशासाठी घेतं हे नरडाण्यात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. गाडी भरली, मागची फळी लावली, घोडी जुंपली. दांड्या पट्ट्यांत बसल्या तशी शेवंतीनं पाठ खाली घातली आणि पुन्हा वर केली. मंदाबाईनं पहिल्या गेटचा रस्ता सोडला आणि भरली गाडी थेट चिंधाच्या अंगणात घातली.

चिंधा बशीत चहा ओतत होता. त्यानं बशी खाली ठेवली नाही.

"काय वं शेवंती," तो म्हणाला, "आज वाट चुकनी का?"

"सांग वं," मंदाबाई खाली उतरली, "मना सासराना साज लेवाले उनी म्हना. भीक नई मांगी राहिनी. सूनना हक्क नसस, पन घोडीना ते शे ना?"

चिंधानं चहा संपवला. मिशी पुसली. मग आत जाऊन साज घेऊन आला आणि तिच्या पायाशी टाकला. धूळ उडाली.

"लई जा म्हना," तो घोडीला म्हणाला. "कोन अडावस?"

इतक्या सहज मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं वाकून खोगीर उचललं, तंगाचा पट्टा हातात धरून वाकवला, आणि तो मोडला. तुटला नाही, मोडला, वाळक्या शेंगेसारखा. चामडं आतून भुसभुशीत झालेलं. खोगिराच्या पोटातला भुसा उंदरांनी नेलेला. पितळी फुल्या हिरव्या पडलेल्या. इतकी वर्षं त्या माणसानं साजाला तेलाचं बोट लावलं नव्हतं. मालकी सांगायला नेला, खुंटीला टांगला आणि वाळू दिला.

मंदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं, पण पाणीच होतं. "मंग सरनं," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

चिंधा पायरी उतरून खाली आला. गोधडीची घडी दोन बोटांनी उचलून त्यानं जखम पाहिली, घडीचं शिवण पाहिलं, तंगात हात घालून पाहिला. त्याच्या तोंडावर कौतुकासारखं काहीतरी येऊन गेलं, पण ते त्यानं लगेच गिळलं.

"साजमा काय खोट नई शे, शेवंती. बापना साजथून बी बरा बठेल शे. सांग तिले."

"मंग पाठ कसानी लागनी?"

"तिले सांग, तुले सोडी दे आनी तुनी जागावर उभी राह."

टपरीवरचे लोक आता उठून रस्त्याच्या कडेला आले होते. मंदाबाईला माघार ठाऊक नव्हती. तिनं शेवंतीला सोडलं, लिंबाला बांधलं आणि दोन दांड्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी दांड्या कमरेपाशी धरल्या. भरलेली गाडी चाकांवर तोलून उभी होती. दांड्या हातात तरंगत होत्या, फुलासारख्या. हे पोरसुद्धा धरील, तिला वाटलं.

चिंधा गाडीमागं गेला. मागची फळी खाली पडल्याचा आवाज आला.

"पहिलं गेट. दोरावाला कारखाना," तो म्हणाला आणि त्यानं मागचे जार उतरवले. त्या जागी अंगणातल्या रिकाम्या बादल्या ठेवल्या, मंदाबाई रिकामे जार ठेवायची तशा. दांड्या किंचित जड झाल्या.

"दुसरं गेट. तेलवाला. तठे ती वॉचमनसंगे भांडस." त्यामागचे जार उतरले. दांड्यांनी हात खाली ओढले. मंदाबाईनं पाय रोवले.

"तिसरं. पत्रावाला."

आता गाडीच्या मागच्या अर्ध्यात नुसतं हवेचं ओझं होतं आणि चाकांपुढं सगळे भरलेले जार. दांड्या खाली येऊ लागल्या. तिची बोटं पांढरी पडली. मनगटं थरथरली, कोपरं सरळ झाली, पाठ वाकली. तिनं दांड्या सोडल्या असत्या तर कुणी हसलं नसतं. पण चिंधासमोर सोडायच्या म्हणजे मरायचंच, म्हणून ती दात खाऊन धरत राहिली आणि एक गुडघा मातीत टेकला.

"आनी आते," चिंधा मागून म्हणाला, "धनीन बाई पुढली फळीवर चढी बठस."

तो चढला नाही. चढला असता तर दांड्या तिच्या मांडीवर बसल्या असत्या. त्यानं येऊन दांड्यांखाली लाकडाचा टेकू दिला. मंदाबाईच्या हातांना वळ पडले होते.

"बैलगाडी धुरजड चालस," तो घोडीकडं बघत म्हणाला. "बैलना खांदा त्यानाकरताच शे. घोडीले पाठ शे, खांदा नई. गाडी मांगे जड झायी ते उलाय, पुढे जड झायी ते धुरजड. तिसरा गेटपाइन शेवटला गेटलोंग तू रोज धुरजड गाडी पाठवर लई फिरी राहिनी. गोधडी ठेव, मखमल ठेव, पाठ जायीच. जार पुढला बी काढना, मांगला बी काढना. बस, इतलंच."

इतकंच. मंदाबाई मातीत बसून राहिली. मागची फळी हाताशी, म्हणून मागचे जार आधी. रुपचंदही तसंच करायचा का? नाही, तो चढून पुढून मागून उचलायचा, आणि ती त्याला उगाच वेळ काढतोस म्हणून बोलायची. दसऱ्यापासून पत्र्याच्या पुढच्या गेटांची ऑर्डर वाढली, पुढचे जार जास्त भरले, आणि तेव्हापासूनच पाठ लागली.

मग तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. चिंधा गेटांची नावं कशी क्रमानं घेत होता. कुठल्या गेटला किती जार उतरतात, ती रिकामे कुठं ठेवते, कुठं चढून बसते, हे सगळं त्याला पाठ होतं. ओट्यावरून ती गेटं दिसत, आणि बसल्या बसल्या त्यानं तिची गाडी प्रत्येक गेटाशी थांबताना रोज पाहिली होती.

"शेवंती," ती सावकाश म्हणाली, "इचार त्यास्ले. कव्हयपाइन दिखी राहिनं व्हतं त्यास्ले?"

चिंधानं दांड्यांखालचा टेकू पायानं सरळ केला.

"दसरापाइन," तो म्हणाला. "सांग तिले."

मंदाबाई उठली. पदर खांद्यावर ओढला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं जेठाच्या डोळ्यांत पाहिलं. मध्ये घोडी नव्हती, पदर नव्हता.

"आबा," ती म्हणाली, "तुम्हना राग मनावर व्हता. पाठ इनी सोली तुम्ही."

चिंधाचा चेहरा पडला. त्याला वाटलं नव्हतं ती अशी समोरून बोलेल. मग त्यानंही सरळ तिलाच सांगितलं.

"मी ते वट्टावर बठेल व्हतू, मंदा. तू गाडीवर बठेल व्हती."

ते खरं होतं. तिसऱ्या गेटनंतर फळी पुढं कलते, घोडी डोकं खाली घालून चालते, हे तिला रोज कळत होतं. कळलं की ती साजाला शिव्या द्यायची, साजावरून चिंधाला, आणि चिंधाला शिव्या देताना इतकं बरं वाटायचं की गाडी का कलते हे बघायला तिला खाली उतरावंसंच वाटलं नाही. त्यानं ओट्यावरून बघून घेतलं आणि तिनं गाडीवर बसून भोगू दिलं. दोघांच्या भांडणाचा सगळा भार त्या तळहाताएवढ्या जागेवर उतरला होता.

"घडीले मधमा भोक पाडी देस," चिंधा पडेल आवाजात म्हणाला. "जखमले टेकी नई. सोमवारले जुपता येई."

"नई जुपनी."

"भटू तीनचाकी लावी."

"लावू दे." तिनं जमिनीवर पडलेला आपला भिकारडा साज गोळा करून गाडीत टाकला. "पाठवर केस येवोस्तोर इले काय लावनं नई. मंग दखूत. आनी भटूले मी सांगसू, तुम्हले त्यानामा पडानं काम नई."

ती लिंबाकडं गेली. शेवंती एक पाय सैल सोडून उभी होती, माशा हाकलायला कातडी हलवत. मंदाबाईनं फवाऱ्याची बाटली काढायच्या आधी नुसता हात जखमेजवळ नेला. घोडी अंग चोरून पलीकडं सरकली. पलीकडून चिंधा आला होता, तिला धरायला म्हणून त्यानं हात पुढं केला, तशी ती त्याच्यापासून दचकून इकडं आली. इकडं ही, तिकडं तो. दोर आखूड होता. दोघांच्या मध्ये ती जागच्या जागी थरथरत उभी राहिली.

शेवटी दोघांनीही हात मागं घेतले.